प्रदर्शन पाहून काय बदललं, हे कसं मोजायचं?

विज्ञान दिनाचे कार्यक्रम आटोपले की ‘एवढं केलं, पण उपयोग किती झाला?’ असं विचारणारी पत्रं येऊ लागतात. त्यांतली पाच या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला दोन दिवसांत सुमारे दोन हजार माणसं आली. अभिप्राय वहीत सगळीकडे ‘खूप छान’, ‘स्तुत्य उपक्रम’. संस्थेला अहवाल द्यायचा आहे. या वहीचा कितपत आधार घ्यावा?
— विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा

परिणामाचा पुरावा म्हणून अजिबात घेऊ नका. यजमान समोर उभा असताना कुणी वाईट लिहीत नाही, मुलं वरच्या ओळीत पाहून खाली तेच उतरवतात आणि जो कंटाळून अर्ध्यातून गेला तो वहीपर्यंत पोचतच नाही. दोन हजार हा गर्दीचा आकडा आहे. तो जरूर द्या, पण गर्दी म्हणूनच द्या.

पुढच्या वर्षी प्रदर्शन मांडण्याआधी प्रत्येक प्रयोगासाठी एक वाक्य लिहून ठेवा : हा पाहिलेल्या माणसाला काय सांगता आलं पाहिजे? ‘विज्ञानाची गोडी लागावी’ हे वाक्य चालणार नाही, कारण ते खरं ठरलं की नाही हे तपासायची सोय नाही. समजा, तुम्ही तीन लंबक टांगलेत : २५ सेंमी लांबीचा, १ मीटरचा आणि १ मीटरचाच पण जड गोळ्याचा. पहिल्याला एका पूर्ण आंदोलनाला सुमारे १ सेकंद लागेल, उरलेल्या दोघांना सुमारे २. अपेक्षित वाक्य : ‘वेळ लांबीवर ठरते, वजनावर नाही.’ मग मत विचारू नका, अंदाज विचारा. ‘सारख्याच दोन झोपाळ्यांवर एकाच उंचीची दोन मुलं बसली आहेत, एक सडपातळ, एक वजनदार. कुणाचा झोका लवकर पुरा होईल, की दोघांचा सारखाच?’ उदाहरण मुद्दाम प्रदर्शनाबाहेरचं घ्यायचं, म्हणजे पाठ केलेलं उत्तर कामाला येत नाही.

हा प्रश्न आत जाणाऱ्या १०० जणांना विचारा आणि बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या १०० जणांना. त्याच माणसांना दोनदा विचारलं, तर पहिल्या वेळचा प्रश्नच त्यांना काय पाहायचं ते शिकवून जातो. माणसं निवडताना चेहरा पाहू नका. दाराशी खडूची रेघ मारा आणि ती ओलांडणाऱ्या दर दहाव्याला थांबवा. प्रत्येकी १०० जण असतील तर बरोबर उत्तरांच्या टक्केवारीत साधारण १४ टक्क्यांपेक्षा कमी फरक योगायोगानंही पडू शकतो, तेव्हा त्यावर ‘परिणाम झाला’ असं लिहू नका. ही मर्यादा निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. शिवाय एकाच शाळेची ४० मुलं म्हणजे ४० स्वतंत्र उत्तरं नव्हेत. त्यांना एकाच शिक्षकांनी शिकवलेलं असतं. शाळा जितक्या जास्त, तितकं बरं.

प्रश्न : आमच्या छोट्या विज्ञान केंद्रात मुलं बटणं दाबतात आणि पुढे पळतात. कोणता प्रयोग चालतो, कोणता नाही, हे कसं ओळखावं?
— केंद्राचे कार्यकर्ते, जळगाव

विचारण्याआधी पाहा. दालनाचा नकाशा एका कागदावर काढा आणि त्याच्या प्रती करा; एका माणसाला एक कागद. निरीक्षकानं कोपऱ्यात उभं राहून त्याचा रस्ता पेन्सिलीनं काढत जायचं आणि घड्याळ लावायचं. दोन्ही पाय थांबले आणि नजर प्रयोगावर दोन-तीन सेकंद राहिली, तरच ‘थांबला’ धरायचं. खुणा आधी ठरवा : ‘वा’ म्हणजे फलक वाचला, ‘हा’ म्हणजे हाताळलं, ‘बो’ म्हणजे सोबतच्याशी त्याबद्दल बोलला. ही शेवटची खूण आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. आई मुलाला खाली वाकून काहीतरी दाखवते, तिथे प्रयोगानं आपलं काम केलेलं असतं. असं निरीक्षण चालू असल्याची पाटी दाराशी लावा. नावं किंवा फोटो घेऊ नका.

चाळीस-पन्नास कागद जमले की चित्र दिसू लागतं. अमेरिकेतल्या संग्रहालय-अभ्यासक बेव्हर्ली सेरेल यांनी शंभराहून अधिक प्रदर्शनांची अशी नोंद एकत्र केली, तेव्हा बहुतेक ठिकाणी लोक वीस मिनिटांच्या आतच बाहेर पडताना दिसले. त्यांची एक मोजपट्टी सोपी आहे : दालनाचं क्षेत्रफळ भागिले सरासरी वेळ. १,८०० चौरस फुटांत लोक १२ मिनिटं रमले, तर मिनिटाला १५० चौरस फूट. आकडा जितका लहान, तितकं लोक सावकाश पाहतात. तीनशेच्या वर गेला तर ते नुसते चालत निघालेत. दुसरी मोजपट्टी : निम्म्याहून जास्त प्रयोगांपाशी थांबणारे किती? निम्म्याहून जास्त लोक असे निघाले, तर दालन चांगलं वापरलं जातंय.

मुलं पळतात त्याची कारणं बहुधा मांडणीत असतात. बटण इथे आणि दिवा चार फुटांवर लागतो, म्हणजे दाबणाऱ्याला काय झालं ते कळतच नाही. फलक अशा जागी की हात पुढे केला की झाकला जातो. सात-आठ वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून सव्वा मीटरच्याही खाली असते, आणि आपण फलक मोठ्यांच्या उंचीवर ठोकतो. फलकाची पहिली ओळ व्याख्येची असते. तिथे ‘हँडल हळू फिरवा, मग जोरात’ अशी सूचना हवी. सान फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम हे हाताळून पाहायचं विज्ञान संग्रहालय भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ साली सुरू केलं, तेव्हा प्रयोग जिथे बनतात ती कार्यशाळा प्रेक्षकांच्या समोरच मांडली होती. तुम्हीही पुठ्ठा, चिकटपट्टी आणि साध्या कागदावर छापलेला फलक घेऊन कच्चा नमुना लोकांपुढे ठेवा. दहा-बारा जण कुठे अडखळतात ते पाहा, बदला, पुन्हा ठेवा. लोखंडी सांगाडा वेल्ड झाल्यावर समजलेली चूक कुणी दुरुस्त करत नाही.

प्रश्न : २ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाआधी गावोगावी कार्यक्रम करायचे आहेत. अंधश्रद्धा कमी झाली का, हे कसं तपासावं?
— युवक मंडळ, रत्नागिरी जिल्हा

तो सोमवार आहे आणि आपल्याकडे खंडग्रास ग्रहण दुपार कलल्यावर दिसेल, म्हणजे शाळा भरलेली असेल. ही मोठी संधी आहे, सोडू नका.

‘ग्रहणात जेवू नये असं तुम्ही मानता का?’ असा प्रश्न विचारू नका. तुमचा बिल्ला पाहून माणसं तुम्हाला हवं तेच उत्तर देतील. दुसऱ्या दिवशी, शक्यतो मंडळाबाहेरच्या माणसाकरवी, घडलेली गोष्ट विचारा : काल ग्रहण चालू असताना घरात कुणी काही खाल्लं का? शिजवलेलं अन्न टाकून दिलं का? घरात गरोदर बाई असेल तर ती कुठे होती? मुलं अंगणात आली का? शाळेला त्या दिवशी किती मुलं होती हे हजेरीपटावर सापडेल; त्याआधीच्या चार सोमवारांशी ताडून पाहा.

आणि हेच प्रश्न कार्यक्रम न झालेल्या दोन-तीन गावांतही विचारा. नाहीतर टीव्हीवर दिवसभर दाखवलेल्या ग्रहणाचं श्रेय तुम्ही घेऊन बसाल. ती गावं आधीच, चिठ्ठ्या टाकून ठरवा; आपण सहसा जिथे ओळख आहे तिथे कार्यक्रम करतो, आणि ती गावं मुळातच अनुकूल असतात. नजर ग्रहणचष्म्यांवरही असू द्या : किती वाटले यापेक्षा किती डोळ्यांना लागले, हे मैदानावर मोजा. त्या वेळी उघड्या डोळ्यांनी पाहणारे किती होते तेही लिहा, भलेही आकडा अडचणीचा असो.

प्रश्न : शास्त्रज्ञांना शाळेत बोलावतो. मुलांच्या मनातली प्रतिमा बदलते का, हे चित्रांवरून कळेल?
— मुख्याध्यापक, लातूर

बऱ्याच अंशी. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘शास्त्रज्ञाचं चित्र काढा’ असं सांगितलेल्या ४,८०७ मुलांच्या चित्रांपैकी फक्त २८ चित्रांत स्त्री शास्त्रज्ञ होती, आणि ती सगळी मुलींनी काढलेली. तुम्ही भेटीआधी एकदा आणि भेटीनंतर तीन महिन्यांनी चित्रं काढून घ्या. दुसऱ्याच दिवशी घेतलीत तर मुलं कालच्याच पाहुण्यांचं चित्र काढतील. चित्राखाली ‘ही व्यक्ती काय करते आहे’ हे एका ओळीत लिहायला सांगा, कारण पांढरा कोट हा चित्रातला सोपा संकेतही असतो. मागे फक्त क्रमांक टाका, दोन्ही वेळचे गठ्ठे एकत्र पिसा आणि दोन शिक्षकांना आधी ठरवलेल्या निकषांवरून वेगवेगळं वर्गीकरण करू द्या. दोघांचं पाचातल्या चार चित्रांवर तरी जुळलं पाहिजे; न जुळल्यास निकष पुरेसे स्पष्ट नाहीत.

प्रश्न : देणगीदार विचारतात, तुमच्या फिरत्या प्रयोगशाळेमुळे किती मुलं विज्ञान शाखेकडे गेली?
— सामाजिक संस्था, पुणे

एका भेटीतून हे सिद्ध होत नाही, आणि तसं वचन देऊ नका. गुण, घरची ऐपत, जवळचं कॉलेज या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. जमेल असा मार्ग हा : ज्या शाळांची मागणी आहे त्यांत चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना पहिल्या सत्रात गाडी द्या, उरलेल्यांना दुसऱ्या. दिवाळीच्या सुट्टीआधी दोन्हीकडे एकच चाचणी घ्या. कुणी वंचित राहत नाही आणि तुलना मिळते. या कामासाठी एकूण खर्चातले पाच-दहा टक्के अर्जातच वेगळे दाखवा. प्रकल्प संपताना मागितले तर मिळत नाहीत.