ग्लूटेन बंद केलं, पोटही सुधारलं, तरी मांड्यांतली ताकद परत येत नाही आणि अंग दुखतं. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सीलिॲकचं, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनानं लहान आतड्याला इजा होण्याच्या आजाराचं, निदान होऊन सात महिने झाले. गहू, बार्ली, राय सगळं बंद आहे, जुलाब थांबलेत, वजनही थोडं वाढलंय. पण जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, कंबर आणि खुबे सतत दुखतात. घरचे म्हणतात, पोट बरं झालंय ना, मग आता जरा हिंडाफिरायला लाग. मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं सीलिॲक असलेली एक पेशंट आहे आणि याच दुखण्यातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

हा तुमचा आळस नाही. ग्लूटेन बंद केलं की लहान आतड्याच्या अस्तराला होणारी इजा थांबते. पण निदानाआधी, बहुधा कित्येक वर्षं, ते आतडं अन्नातलं सत्त्व नीट शोषून घेत नव्हतं. त्या काळात शरीरातलं लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मॅग्नेशियम संपत गेलं आणि ते फक्त पथ्यानं भरून येईलच असं नाही. त्यातून मोठ्या माणसांत आतड्याचं अस्तर पूर्ववत व्हायला दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागू शकतो. म्हणजे जुलाब थांबले तरी शोषण अजून अर्धवटच असण्याची शक्यता आहे. काय कमी आहे ते तपासून, मोजून भरावं लागतं. दुर्दैवानं पोटाच्या तक्रारी थांबल्या की हा भाग बऱ्याचदा राहून जातो.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा नुसतं 'अशक्तपणा वाटतो' असं सांगू नका. या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी लपतात. दिवसभर गळून गेल्यासारखं वाटणं वेगळं. ठरावीक स्नायूंना ताकदच नसणं वेगळं. दुखणं वेगळं आणि मुंग्या किंवा बधिरपणा आणखी वेगळा. प्रत्येकाचं कारण निराळं असू शकतं. माझ्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट करून घेतली होती: दोन्ही हात छातीवर घडी घालून खुर्चीवरून उठायचं. मला उठताच येईना. हात मोकळे असले की मी नकळत मांड्यांवर तळवे दाबून स्वतःला वर ढकलत होते, आणि हे माझ्या किंवा घरच्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तुम्हीही हे करून बघा, घरातलं कुणीतरी शेजारी उभं असताना. जमलं नाही, किंवा केस विंचरताना खांदे लगेच भरून येत असतील, तर कमरेजवळचे आणि खांद्याजवळचे मोठे स्नायू दुबळे झालेत असा त्याचा अर्थ, आणि नेमकं हेच डॉक्टरांना सांगायचं. घरच्यांनी हे एकदा समोर पाहिलं की 'हिंडाफिरायला लाग' म्हणणंही आपोआप कमी होईल.

तुमची लक्षणं वाचून माझ्या मनात सर्वात आधी ड जीवनसत्त्व आलं. ते फार कमी झालं की आतडं कॅल्शियम पुरेसं घेत नाही. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला गळ्यातल्या छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करतात आणि हाडांतून कॅल्शियम काढलं जातं. नव्यानं तयार होणारं हाड कडक होत नाही, मऊच राहतं. याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. यात खुबे, कंबर, बरगड्या, पावलं ठणकतात, अंथरुणात कूस बदलतानाही कळ येते, आणि मांड्या इतक्या दुबळ्या होतात की माणूस डुलत डुलत चालायला लागतो. नडगीच्या हाडावर अंगठ्यानं जरा दाबलं तरी मी ओरडायचे. रोग हाडांचा असला तरी तक्रार स्नायूंची वाटते, म्हणून याला संधिवात, फायब्रोमायल्जिया (अंगभर सतत दुखण्याचा आजार) किंवा 'टेन्शन' असं काहीही नाव मिळू शकतं. तपासण्या साध्या आहेत: २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांतूनही येणारं एक एन्झाइम) आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक). ड जीवनसत्त्व दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर सहसा कमतरता धरतात. पण त्या आकड्यापेक्षा पीटीएच आणि अल्कलाइन फॉस्फटेज दोन्ही वाढलेत का ते बघायला सांगा. हाडांवर परिणाम झालाय का, याचा अंदाज त्यांवरून येतो.

हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन तुमचा झाला असेल किंवा होणार असेल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. त्यात घनता कमी आली म्हणून हाडं मजबूत करणारी औषधं लगेच सुरू करण्याआधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून काढलेलं असायला हवं. नाहीतर रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतं. हा प्रश्न डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

रात्री पोटऱ्यांत गोळे येण्याचं कारण कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची कमतरता असू शकतं. ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येत असतील तर कॅल्शियमचा संशय जास्त. मॅग्नेशियम कमी असेल तर कॅल्शियम कितीही घेतलं तरी ते वर येत नाही, म्हणून दोन्ही एकत्र तपासायचं. जुलाब पुन्हा सुरू झाले आणि एकाएकी अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटलं, तर पोटॅशियमही बघायला हवं.

सतत गळून जाण्याचं कारण बऱ्याचदा लोहाची कमतरता असते. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या पहिल्या भागात आणि सीलिॲकची इजा नेमकी तिथेच सर्वात जास्त असते. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, तळाला गेलेलं असू शकतं, तेव्हा तेही मागा. बी-१२ आणि फोलेट तर बघायचंच. मुंग्या, बधिरपणा, अंधारात तोल जाणं असं काही असेल तर तांबं तपासायला सांगा. तांब्याची कमतरता हुबेहूब बी-१२च्या कमतरतेसारखी दिसते आणि ती लक्षात येत नाही. स्वतःच्या मनानं झिंकच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्यानंही तांबं कमी होतं. बी-६ची मोठी मात्रा दीर्घकाळ घेतली तर उलट नसांनाच इजा होते. म्हणून तुम्ही घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं दवाखान्यात घेऊन जा.

दोन गोष्टी कमतरतेच्या पलीकडच्या आहेत. सीलिॲक हा शरीराच्या प्रतिकारशक्तीनं स्वतःवरच उलटण्याचा आजार आहे आणि असे आजार जोडीनं येतात. त्यात थायरॉइड सर्वात पुढे. थायरॉइड मंदावला की स्नायू दुखतात, आखडतात, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी बघा. दुसरी गोष्ट म्हणजे स्नायूंचा दाह. हा क्वचित होतो, पण चुकवून चालत नाही. त्यात दुखणं कमी आणि ताकद जाणं जास्त असतं, आणि रक्तातलं सीके हे स्नायूंमधलं एन्झाइम, ज्याला सीपीके असंही म्हणतात, ते सहसा वाढतं. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेत ते बहुधा नॉर्मल राहतं. त्यामुळे ही एकच तपासणी पुष्कळ काही सांगून जाते. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गटातली गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिनंही स्नायू दुखतात.

ग्लूटेन अजून कुठूनतरी पोटात जातंय का, हेही एकदा तपासा. टीटीजी-आयजीए ही सीलिॲकची रक्ततपासणी पुन्हा करा आणि निदानाच्या वेळचा आकडा शेजारी ठेवून बघा. खाली येत असेल तर दिशा बरोबर आहे. मात्र तो नॉर्मल आला म्हणजे आतडं पूर्ण भरून आलं असं नाही. ग्लूटेन-फ्री म्हणायला पदार्थात २० पीपीएमपेक्षा, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा, जास्त ग्लूटेन नसावं असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. घरात दोन्ही प्रकारचं पीठ असेल तर चाळणी, लाटणं, तळणीचं तेल यांतून सहज मिसळतं. औषधांच्या गोळ्यांतला स्टार्च कशाचा आहे, हेही केमिस्टला किंवा कंपनीला विचारा. आणि पाकिटबंद ग्लूटेन-फ्री पदार्थांवर भिस्त ठेवू नका, त्यांत लोह, ब जीवनसत्त्वं आणि चोथा अनेकदा कमीच असतो. प्रथिनं मात्र नीट पोटात जायला हवीत. मूत्रपिंडं ठीक असतील तर दर किलो वजनामागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम, म्हणजे नुसत्या भरडधान्यावर आणि फळांवर भागणार नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर वेळा सांभाळा. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही. चहा-कॉफीनंही तेच होतं. ड जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत घ्यायचं. थायरॉइडची गोळी लोह आणि कॅल्शियमपासून चार तास लांब. आणि ड जीवनसत्त्वाचा डोस मनानं वाढवायचा नाही, जास्त झालं तर मूत्रपिंडांना त्रास होतो. गोळ्यांनी आकडा वर येतच नसेल तर आतडं अजून घेत नाहीये असं समजा आणि इंजेक्शनचा पर्याय विचारा.

आता रोजचं निभावणं. मला स्वतःला चालण्यापेक्षा खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा जास्त उपयोग झाला. उंच खुर्ची घ्या, हवं तर खाली उशी ठेवा. चार-पाच वेळा सावकाश उठा आणि त्याहून सावकाश बसा. दिवसातून दोनदा पुरे. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं नाही तर पुढच्या आठवड्यात एकदा-दोनदा जास्त, आणि मग हळूहळू उशी काढून टाका. बरं वाटलं म्हणून एकाच दिवशी सगळं घर आवरायला काढू नका, पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. ड जीवनसत्त्व कमी असताना जोराचे व्यायाम, उड्या, जड वजनं नकोत. जांघेत किंवा पावलात एकाच जागी, पाय टेकवला की तीक्ष्ण कळ येत असेल तर व्यायाम थांबवा आणि एक्स-रे काढा, मऊ हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. पोटरीत गोळा आला तर पाऊल हातानं स्वतःकडे ओढून पोटरी ताणा. शेकानंही बरं वाटतं. दुखण्यावर पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत घेता येतं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मात्र सवयीनं घेऊ नका, आधीच दुखावलेल्या आतड्याला आणि जठराला त्या झोंबतात.

किती दिवस लागतील? कारण ड जीवनसत्त्व असेल तर स्नायूंची ताकद साधारणपणे काही आठवड्यांत सुधारायला लागते, हाडांचं दुखणं जायला महिने लागतात. तीन महिन्यांनी तपासण्या पुन्हा करा. आकडे सुधारले आणि ताकद नाही सुधारली, तर न्यूरोलॉजिस्टकडे किंवा संधिवाततज्ज्ञाकडे पाठवा असं स्पष्ट सांगा.

काही लक्षणांत मात्र थांबायचं नाही. गिळताना ठसका लागणं, आडवं झाल्यावर धाप लागणं, लघवी चहासारखी गडद होणं, हाताची बोटं आकडून वळणं, ताकद काही दिवसांतच झपाट्यानं जाणं, किंवा एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यांतलं काहीही झालं तर ठरलेल्या अपॉइंटमेंटची वाट न बघता ताबडतोब हॉस्पिटल गाठा.