बीएस्सी ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आविष्कारमध्ये कृषी गटात पोस्टर लावायचंय. विषय कसा निवडू? गाईड सर म्हणतात त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याचा डेटा वापर, चालेल का?

नको वापरू. आधी हेच सांगते कारण बाकी सगळं यावरच अवलंबून आहे. (तू म्हणतेय, राग मानू नकोस, आमच्याकडे ज्युनियरला अहोजाहो करायची सवय नाही.)

मी लातूरकडची, बीएस्सीला असताना याच गटात भाग घेतलाय आणि नंतर एमएस्सी करताना कॉलेजच्या फेरीसाठी ज्युनियर पोरापोरींची तयारी करून घ्यायचे, त्या अनुभवावरून लिहितेय. आविष्कार ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा २००६ पासून राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने चालू आहे, त्यात कृषी आणि पशुसंवर्धन हा स्वतंत्र गट असतो आणि पदवी, पदव्युत्तर असे वेगळे स्तर असतात, म्हणजे तुझी स्पर्धा तुझ्यासारख्या यूजीच्याच मुलांशी आहे. त्यामुळे परीक्षकांना तुझ्याकडून पीएचडीच्या तोडीचं काम नकोच असतं. काम तू स्वतः केलंयस का एवढं ते आधी बघतात, आणि ते दोन प्रश्नांत कळतं. "नमुने कुठून आणले?" आणि "हा आकडा असा का आला?" दुसऱ्याचा डेटा असेल तर पहिल्या प्रश्नाला गावाचं नाव सांगता येईल पण दुसऱ्याला गप्प बसावं लागतं. हे मी शेजारच्या बोर्डावर होताना पाहिलंय, मुलगी हुशार होती, पोस्टर फार देखणं होतं, पण प्लॉटवर ती गेलीच नव्हती. परीक्षकांनी तिला फक्त पिकाच्या दोन ओळींतलं अंतर विचारलं होतं.

आता विषय. फेऱ्या साधारण हिवाळ्यात असतात हे धरून चाल. म्हणजे खरिपाचा शेतातला प्रयोग करायचा असता तर जूनलाच पेरणी पाहिजे होती, आणि रब्बीचा प्रयोग स्पर्धेपर्यंत संपत नाही, हरभरा तेव्हा फुलोऱ्यात असतो. म्हणून दिवाळीच्या आसपास हाताशी जे आहे आणि आठ-पंधरा दिवसांत ज्याचं मोजमाप होतं असं काहीतरी शोध. आमच्याकडे ते सोयाबीन होतं. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाड्यात केवढ्या तक्रारी झाल्या, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं, तेव्हापासून गावात ज्याच्या त्याच्या तोंडी बियाण्याचाच विषय. मी प्रश्न एवढाच घेतला: घरच्या बियाण्याची उगवण हडंब्यातून (मळणी यंत्रातून) काढल्यामुळे कमी होते का? काही शेतकरी बियाण्यापुरतं सोयाबीन अजून काठीने बडवून काढतात, त्यांचे नमुने घेतले आणि हडंब्यावाल्यांचे घेतले. जात एकच ठेवली, जेएस ३३५, कारण मोठ्या दाण्याच्या जातीला मार जास्त लागतो, मग फरक जातीचा की मळणीचा हेच कळलं नसतं. परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं आणि उत्तर तयार होतं म्हणून पुढचं सगळं बोलणं सोपं गेलं.

उगवणीची चाचणी तर पुस्तकात आहेच, १०० दाण्यांच्या चार रेप्लिकेशन (म्हणजे तीच चाचणी चारदा), २५ अंशाला, पाचव्या दिवशी पहिली मोजणी आणि आठव्या दिवशी शेवटची, प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते तो निकष. पण पोस्टरपाशी लोक थांबले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. कपड्याचं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्याच्या पातळ द्रावणात सोयाबीनचे दाणे दहा मिनिटं ठेवले की ज्याच्या सालीला तडा गेलाय तो दाणा पाणी ओढून टम्म फुगतो आणि चांगला दाणा आहे तसाच गोल राहतो. वरून नुसता बघितला तर दोन्ही सारखेच दिसतात. मी दोन बशांचे फोटो शेजारी-शेजारी मोठे छापले होते, एक बडवलेल्या सोयाबीनचा आणि एक हडंब्याचा, खाली उगवणीचा बारग्राफ. बस, पोस्टरचा मधला सगळा भाग एवढाच. एक परीक्षक तर म्हणाले की ही चाचणी हडंब्याजवळ उभं राहूनच करता येईल, ड्रमचे फेरे जास्त झालेत का ते लगेच कळेल. मी ते वाक्य पुढच्या फेरीच्या पोस्टरमध्ये शिफारस म्हणून टाकलं, सरांच्या परवानगीने.

तुझ्याकडे सोयाबीन नसेल तर कापूस असेल, गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावून पतंग मोज, सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज आठ पतंग ही नुकसानीची पातळी धरतात, तुझ्या गावात ती कधी ओलांडली आणि शेतकऱ्याने फवारणी कधी केली हे दोन्ही एकाच ग्राफवर टाकलंस तरी बोलायला भरपूर आहे. किंवा २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिका (माती तपासून शेतकऱ्याला मिळणारं सरकारी कार्ड) घे, कार्डावर खताची शिफारस काय आणि शेतकऱ्याने प्रत्यक्षात टाकलं काय. याला तर लॅबही लागत नाही, फक्त घरोघरी जाऊन नीट विचारावं लागतं.

पोस्टर साधारण १ मीटर बाय १ मीटर असतं पण तुझ्या विद्यापीठाचं यंदाचं परिपत्रक नीट वाच, बऱ्याच ठिकाणी पोस्टरवर स्वतःचं किंवा कॉलेजचं नाव चालत नाही आणि त्यावरून पोस्टर बाद होतं. प्रस्तावना चार ओळींच्या वर नको, "भारत हा कृषिप्रधान देश आहे" तर अजिबात नको, ते परीक्षकांना माहीत आहे. अक्षर चार-पाच फुटांवरून वाचता आलं पाहिजे, म्हणून प्रिंटच्या आधी ए-फोरवर काढून हातभर लांब धरून बघ. टक्केवारीचा डेटा असेल तर आर्कसाइन ट्रान्सफॉर्मेशन (विश्लेषणाआधी टक्केवारी बदलून घ्यायची संख्याशास्त्रातली पद्धत) केलंय का हे विचारतातच, सीडी (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे खरा फरक मानायला लागणारं किमान अंतर) पाच टक्के पातळीला दे, आणि फरक सिग्निफिकंट नसेल तर एनएस (नॉन-सिग्निफिकंट) असं स्पष्ट लिही. एनएस आलं म्हणून मार्क जात नाहीत, लपवलं की जातात.

मोजणीची वही सोबत ने. खरंच ने. तारखा, खाडाखोड, मातीचे डाग असलेली तीच वही, फेअर करून नको. परीक्षक तुझ्या बोर्डासमोर तीन-चार मिनिटंच असतात आणि वही उघडून दाखवली की विश्वास बसतो. बोलायला पाठांतर नको, आपल्या काकांना किंवा मामांना शेतावर सांगतो तसं सांग, मी काय विचारलं, काय केलं, काय दिसलं आणि त्यांनी येत्या हंगामात काय करावं. पोस्टर इंग्रजीत असलं तरी मराठीत विचारलं तर मराठीतच उत्तर दे. एकरी खर्च किती वाढतो-घटतो हेही काढून ठेव, कृषी गटात हा प्रश्न हमखास येतो. पुढे निवड झाली तर पीपीटीवर बोलायला लावतात, तेव्हा नवीन काही घुसवू नकोस, तेच सविस्तर मांड.

सरांना नाही म्हणायची भीती वाटत असेल तर डेटा नको म्हणण्याऐवजी दुसरं काहीतरी माग. "सर, मी माझ्या गावचे नमुने आणतो/आणते, मला फक्त सीड टेस्टिंग लॅबचं जर्मिनेटर (उगवण तपासायचं कपाट) आठ दिवस वापरू द्या आणि त्या पीएचडीच्या दादा-ताईंना माझं ॲनालिसिस एकदा तपासायला सांगा." बहुतेक सर याला हो म्हणतात, आणि पीएचडीवाल्यांकडून शिकायला मिळतं ते वेगळंच. नमुने आणायला मात्र या आठवड्यातच निघ, एकदा आडतीला माल गेला की शेतकऱ्याकडे बियाण्यापुरतंच उरतं आणि त्यातलं किलोभर द्यायला कुणी सहज तयार होत नाही.