भावाची दारू सुटली आहे, लग्न ठरतंय. मुलीला सांगावं का?

सांगा. साखरपुड्याच्या आधी सांगा. "पाच वर्षं थेंबाला शिवलेला नाही, मग जुनं उकरून कशाला काढायचं" असं तुम्ही लिहिलंय. आमच्या सासूबाई शब्दशः हेच म्हणाल्या होत्या. फक्त मला ते ऐकायला मिळालं लग्न झाल्यावर, मिरजेत दवाखान्याच्या बाकावर बसून.

ह्यांना रोज सकाळी चहाआधी सासूबाई स्वतः एक गोळी द्यायच्या. पित्ताची, म्हणायच्या. पाकीट देवघराच्या खणात, कापराच्या डबीमागे. मला वाटायचं, एकुलता एक मुलगा, चाललेत लाड. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ह्यांना खोकला झाला, अंगात त्राण नाही. माझ्या माहेरी अशा वेळी द्राक्षासव देतात, म्हणून मी अर्धी वाटी दिलं. "आयुर्वेदिकच ना?" एवढं विचारून हे प्यायले. थोड्याच वेळात चेहरा लालबुंद, कानशिलं ठणकायला लागली, उलट्या, छातीत धडधड. डॉक्टर विचारतायत, रोजचं औषध कुठलं? मी आपली सांगतेय, पित्ताची गोळी. त्यांनी पुन्हा खोदून विचारलं तेव्हा सासूबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "ती... दारू सोडायची आहे."

डायसल्फिराम. ती चालू असताना दारू पोटात गेली की असाच त्रास होतो, त्यासाठीच देतात. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. आसवं-अरिष्टं आंबवलेली, त्यात अल्कोहोल असतंच. खोकल्याच्या काही औषधांतही असतं. घरातलं औषधपाणी जिच्या हातात, तिलाच हे माहीत नको?

नणंदबाई आजही विचारतात, "आधी सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का?" वन्सं, कदाचित नसते म्हणाले. ते मी ठरवलं असतं. कांदेपोह्यांना माझ्या चष्म्याचा नंबर विचारलात, पगाराची स्लिप बघितलीत, आतेबहिणीचा घटस्फोट का झाला याची गावभर चौकशी केलीत. तुमच्याकडची एक गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा मात्र म्हणे लेकरावरच्या मायेपोटी गप्प बसलो. माया तुमची आणि जोखीम माझी, असं कसं?

माझा मावसभाऊ वकील आहे. त्याने तेव्हा सांगितलं होतं, हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १२: जोडीदाराबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. पण फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत, आणि कळल्यावरही राजीखुशीने एकत्र राहिलात तर तो रस्ता बंद. मी राहिले. व्यसन लपवणं या कलमात बसतं की नाही हे कोर्ट प्रकरण बघून ठरवतं, त्यामुळे माझ्या भरवशावर कुणी अर्ज करू नका.

तुमच्याबाबतीत, सांगायचं भावाने. तुम्ही नाही, आणि लग्न जमवणाऱ्या काकू तर अजिबात नाही, त्यांच्या कानावर गेलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या नात्यात. त्याने मुलीला एकटीला भेटून सांगावं: कधीपासून प्यायचा, कशी सुटली, मधे पुन्हा सुरू झाली होती का, गोळ्या चालू आहेत का. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या बैठका असतात, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिला तिथे जाऊन विचारायचं असेल तर जाऊ द्या. आणि ती नाही म्हणाली तर तिच्या नावाने बोटं मोडू नका.

भाऊच तयार नसेल तर त्याच्या पाठीमागे तुम्ही फोडू नका, पण "काही नाही हो, निर्व्यसनी आहे" असं तोंडाने म्हणूही नका. लहानपणी कुणी त्याच्यावर अत्याचार केला, असलं काही असतं तर माझं उत्तर वेगळं असतं. ते सांगायचं की नाही, त्याचं तो बघेल.

आणि गैरसमज नको, ह्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. आता गोळ्या नाहीत, दारूही नाही. तक्रार आहे ती देवघराच्या खणाबद्दल, आणि वन्संनी हे वाचलं तरी माझी हरकत नाही.