पहिल्यांदा खाडीवर नमुने घ्यायला जाताना

अभिनंदन! प्रकल्पाला खाडी मिळाली म्हणजे गुडघाभर चिखल आलाच. महागडे प्रोब, आकडेमोडीची सॉफ्टवेअरं हे सगळं नंतर. आधी लेबल सांभाळ.

बाटलीवर मार्करने लिहिलेलं अल्कोहोलच्या एका थेंबाने पुसलं जातं. माझ्या पहिल्या वर्षाचे अकरा नमुने असेच बेवारस झाले. जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने ठिकाण, तारीख, वेळ लिही आणि चिठ्ठी बाटलीच्या आतच टाक. वेळ कशाला? दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री सगळेच तो वापरतात. म्हणून पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन पहाटे कमी आणि दुपारनंतर जास्त दिसतो. एका ठिकाणचा सकाळी ७ चा आणि दुसऱ्या ठिकाणचा दुपारी ३ चा आकडा शेजारी मांडून ‘प्रदूषण वाढलं’ असं लिहिणारे मी बरेच पाहिलेत!

नवखे आणखी कुठे चुकतात:

- विंकलर पद्धतीची (रसायनं घालून विरघळलेला ऑक्सिजन मोजायची) बाटली प्रयोगशाळेत आणून मग रसायनं घालतात. पहिली दोन रसायनं काठावरच घालायची, आणि आत एकही बुडबुडा नको.
- भरती-ओहोटी न बघता निघतात. आज उधाण (मोठी भरती-ओहोटी) आहे की भांग (लहान भरती-ओहोटी), हे कोळीवाड्यात विचार. तिथल्या मावश्या चिखल कुठे खोल आहे तेही सांगतील.
- एकटे जातात. अजिबात नाही.

पहिल्या फेरीचे आकडे अर्धवट असले तरी त्याच आठवड्यात तुझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखव. सहा महिन्यांनी चूक सापडली तर पावसाळ्याआधीचे नमुने परत मिळत नाहीत.