गावाजवळ कचरा प्रकल्प येतोय. जनसुनावणीत जाऊन काय बोलावं, आणि बोलून काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की फोंडा तालुक्यातल्या तुमच्या गावाजवळ कचऱ्यावर प्रक्रिया आणि पुनर्वापर करणारा प्रकल्प प्रस्तावित आहे. प्रदूषण मंडळाची जाहिरात पेपरात आलीय, गावात दोन तट पडलेत, आणि निम्मे लोक म्हणतात, "वर सगळं ठरलेलंच असतं, जाऊन काय करणार?"

जा. मी डिचोली तालुक्यातला. खाणींच्या जनसुनावण्या बघत बघतच आमचे केस पिकले, त्यामुळे मांडवात काय घडतं याची बऱ्यापैकी कल्पना आहे. तिथे मतमोजणी नसते. विरोधात पाचशे उभे राहिले म्हणून प्रकल्प पडत नाही, आणि बाजूने पाचशे आणून बसवले म्हणून मंजूरही होत नाही. गणपूर्तीची अटदेखील नाही. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांनी पाठवलेले अधिकारी असतात, पण तिथे ते निर्णय देत नाहीत. कोण काय म्हणालं ते मंडळाचा माणूस लिहून घेतो, आणि ते इतिवृत्त राज्याच्या तज्ज्ञ समितीपुढे जातं. समितीतले लोक तुमचा वाडा बघायला येतीलच असं नाही. ते वाचतात ते हे इतिवृत्त. म्हणून बोलायचं ते इतिवृत्तासाठी.

"आमकां हो प्रकल्प नाका" असं शंभर जणांनी ओरडून सांगितलं तरी कागदावर एकच ओळ उमटते: ग्रामस्थांनी विरोध दर्शवला. उलट, एखाद्याने सर्व्हे नंबर सांगून अमुक बांय (विहीर) प्रकल्पाच्या कुंपणापासून किती मीटरवर आहे असं विचारलं, तर ते तसंच लिहावं लागतं आणि त्याचं उत्तरही लिहावं लागतं. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे सुनावणीतल्या मुद्द्यांचं निरसन करून मगच प्रकल्पवाल्याला पर्यावरणावरच्या परिणामांचा अंतिम अहवाल द्यावा लागतो.

आधी एक गोष्ट तपासा. पंचायतीची सुका कचरा वेगळा करायची शेड असेल, तर तिला असली जनसुनावणी लागत नाही. तो विषय ग्रामसभेत निघतो आणि तिथेच भांडावा लागतो. अनेक पालिका-पंचायतींचा मिळून कचरा घेणारा सामायिक प्रकल्प अधिसूचनेत येतो. जाहिरात मंडळाची आहे म्हणजे तुमचा बहुधा दुसऱ्या प्रकारचा. तसं असेल तर या अहवालाचा मसुदा पंचायतीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात बघायला ठेवलेला असायला हवा, आणि जाहिरातीपासून किमान तीस दिवस मिळायला हवेत. सचिव म्हणेल, "साहेबांच्या कपाटात आहे." कपाट उघडून घ्या. सारांश स्थानिक भाषेत द्यावाच लागतो, तो मागून घ्या.

अहवाल जाडजूड असतो आणि त्यातला बराचसा भाग दुसऱ्या कुठल्या तरी अहवालातून उचललेला असतो, हे माझं मत. सगळा वाचत बसू नका. पाणी आणि हवेचे नमुने कुठल्या महिन्यांत घेतले तेवढं आधी बघा. प्रथा अशी आहे की पावसाळा सोडून एका मोसमाची मोजमापं पुरतात. आता गोव्यात पाऊस सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि कचऱ्याचा खरा त्रास सुरू होतो तोही जूनमध्येच. ओल्या कचऱ्यातून गळणारं काळं पाणी, ज्याला लिचेट म्हणतात, उन्हाळ्यात टाकीत मावतं. पागोळ्यांचं पाणी त्यात मिसळलं की ते मावत नाही, आणि मग उताराने जिथे जायचं तिथे जातं.

आमच्याकडच्या एका सुनावणीत सल्लागार कंपनीचा मुलगा पडद्यावर नकाशा दाखवत होता. जागेच्या खालच्या अंगाला त्याने एक पुसट तुटक रेघ ओढली होती: हंगामी ओहोळ. मागच्या रांगेतले एक कुळागरवाले, म्हणजे पोफळी-माडांची बाग असलेले आजोबा उठले, माइक घेतला नाही, आणि तिथूनच विचारलं, "तुमी हो व्हाळ पावसांत पळयला?" म्हणजे, हा ओहोळ तुम्ही पावसात पाहिलाय का? मुलगा गप्प. मग आजोबांनी सांगितलं की त्या व्हाळाला बांध घालून खालच्या तीन कुळागरांना पाणी जातं, बांध कोण घालतं, कधी घालतं आणि कधी फोडतं. माड-पोफळींची संख्यासुद्धा सांगितली. उपजिल्हाधिकाऱ्यांनी मंडळाच्या माणसाला थांबवून ते सगळं लिहायला लावलं. त्या दिवसभरात भाषणं पुष्कळ झाली, काही फार जोरात झाली. कागदावर जड पडलं ते एवढंच.

तसं तुमच्याकडे काय आहे ते शोधा. झर, तळी, बांय, देवस्थानची जमीन, शाळेची वेळ आणि ट्रकची वेळ. घनकचऱ्याच्या नियमांत दिवसाला पाच टनांपेक्षा मोठ्या प्रकल्पाभोवती विकास न करण्याचा पट्टा ठेवायची तरतूद आहे. हा पट्टा किती मीटरचा आणि प्रकल्पाला दिलेल्या जागेच्या आतच बसतो की नाही, हे विचारायला सहसा कुणी जात नाही. ज्यांना उद्या शेजारी मुलासाठी घर बांधायचंय त्यांनी तरी हे विचारायला हवं.

मग कचरा कुठला, हा प्रश्न. साळगावचा प्रकल्प २०१६ मध्ये दिवसाला शंभर टनांवर सुरू झाला आणि पुढे अडीचशेपर्यंत वाढवला. आता कळंगुट-कांदोळीसारख्या किनारी गावांचा कचरा कुठे तरी जायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण सुनावणीत गावाला विचारतात ते सुरुवातीच्या क्षमतेबद्दल. क्षमता वाढवताना पुन्हा सुनावणी घ्यायचीच असं बंधन नाही, तज्ज्ञ समिती ती माफ करू शकते. म्हणून आताच मागा: कुठल्या पालिका, कुठल्या पंचायती, दिवसाला किती टन, आणि यापुढे एक टन वाढवायचा असेल तर नव्याने सुनावणी. ही अट मंजुरीच्या पत्रात यावी, असं शब्दशः म्हणा. तोंडी "होय होय" म्हणणारे अधिकारी दोन वर्षांनी बदलून जातात.

पुनर्वापर म्हटलं की लोकांना वाटतं सगळंच वापरलं जातं. पुठ्ठा, काच आणि बाटल्या विकल्या जातात, ओल्याचा गॅस किंवा खत होतं. उरतं ते वेफर्सची पाकिटं, फाटक्या चपला, डायपर, थर्मोकोल. जळणारं ते गोव्यातून बहुतेक कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे भट्टीसाठी पाठवतात. ट्रक चार दिवस आले नाहीत तर तो माल कुठे राहणार, छपराखाली की उघड्यावर? आग लागली तर पाण्याची टाकी केवढी? मडगावचा सोनसोडोचा कचऱ्याचा ढीग अनेक वर्षं असाच साचत गेला, आणि मे २०१९ मध्ये तिथे जी आग लागली तिचा धूर आजूबाजूच्या गावांनी दिवसेंदिवस गिळला. सोनसोडोचं नाव घेतलं की प्रकल्पवाले म्हणतात, ते डंप होतं, आमचं आधुनिक आहे. खरं आहे. म्हणूनच नाव घेऊन न थांबता साठवणुकीची कमाल मर्यादा टनांत मागा, आणि ती ओलांडली तर त्या दिवसापासून नवा कचरा घेणं बंद, अशी अट मागा.

माझ्याकडून एक स्पष्ट सांगतो, गावातल्या विरोधी गटाला आवडणार नाही. कचरा प्रकल्प नकोच, ही भूमिका मला पटत नाही. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी कुठल्याही वाड्याच्या वळणावर काय पडलेलं असतं ते बघा. बायंगिणीच्या कचरा प्रकल्पाचा प्रस्ताव जुने गोव्यातल्या विरोधामुळे वर्षानुवर्षं रखडलाय. तिथल्या लोकांचं म्हणणं मला कळतं, वारसा परिसर जवळ आहे. पण रखडला तेवढी वर्षं पणजीचा ओला कचरा काही हवेत विरला नाही, तो दुसऱ्याच्या गावावरून गेला. तुमच्या जागेत खरोखर दोष असेल, उतार ओहोळाकडे असेल, रस्ता अरुंद असेल, तर त्या दोषावर बोट ठेवून विरोध करा. तसा विरोध टिकतो.

नोकऱ्यांचं आश्वासन मिळेलच. यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर कचरा निवडायचं काम कंत्राटदाराकडून असतं, गावातली मुलं ते क्वचितच करतात. ठीक आहे, पुढे.

सुनावणी उधळून लावायचा बेत कुणी करत असेल तर त्याला आवरा. लोकांना मोकळेपणी बोलता येण्यासारखी परिस्थिती नाही असा अहवाल वर गेला, तर सुनावणीशिवायच प्रक्रिया पुढे न्यायची मुभा अधिसूचनेतच आहे. म्हणजे खुर्च्या फेकून आपणच आपला कागद कोरा करायचा.

शेवटी नोंदी वाचून दाखवतात, स्थानिक भाषेत समजावून, आणि त्याच दिवशी सही होते. तोवर बहुतेक लोक घरी पोचलेले असतात. चार जण तरी थांबा, आणि तुमचा मुद्दा सुटला असेल तर तिथेच उठून सांगा. मंजुरी मिळालीच तर पत्राची प्रत पंचायतीत येते. त्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणात जायला मुदत तीस दिवसांची, खंडपीठ पुण्याला. अटी पाळल्या की नाही याचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो माहिती अधिकारात मागायचं काम गावातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीला आताच लावून द्या, म्हातारे विसरतात.

लेखी निवेदन मराठीत चालतं, राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या वापराची सोय आहे. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घ्या. बोलणाऱ्यांच्या यादीत नाव सकाळीच घाला. जेवणानंतर मांडव निम्मा रिकामा होतो, आणि लिहून घेणाऱ्याचा हातही तोवर दमलेला असतो.