डॉक्टरांना ‘आई घसरून पडली’ असे सांगू नका

प्रश्न : माझ्या दादाला सहा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी डोस वाढवला, तेव्हापासून तो घरभर येरझारा घालत असतो. पंधरा दिवसांपूर्वी आईने सकाळपासून तिसऱ्यांदा ‘गोळी घेतलीस का?’ असे विचारले आणि त्याने तिला ढकलले. तिचे मनगट मोडले. ‘ती माझ्याकडे रागाने बघत होती’ असे तो म्हणतो. मी समोरच होते, तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हते. नंतर तो खूप रडला. घसरून पडले, असे आईने दवाखान्यात सांगितले, आणि दादाच्या डॉक्टरांना काहीही कळवू नकोस अशी तिची ताकीद आहे. तो अधूनमधून गांजा ओढतो, पण ते जुनेच आहे. तो हे मुद्दाम करतो का? पुन्हा करेल का?

उत्तर : ‘तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हते’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण मी तिथेच थबकले. स्किझोफ्रेनियात समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणे अनेकांना अवघड जाते. छायाचित्रे दाखवून घेतलेल्या चाचण्यांत हे पुन्हा पुन्हा आढळले आहे, आणि गंमत अशी की निर्विकार चेहऱ्यातही रुग्णांना एखादी नकारात्मक भावना दिसू शकते. त्यामुळे दादाने सबब सांगितली असे लगेच मानू नका, कारण त्याला जे दिसले तेच त्याने सांगितले असण्याची बरीच शक्यता आहे.

रागाची किंवा भीतीची लाट आली की हात उचलण्याआधी स्वतःला आवरणे, हे काम मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाचे असते आणि या आजारात तेही कमकुवत होऊ शकते. चेहरा चुकीचा वाचला जाणे आणि आवर न बसणे या दोन गोष्टी एकाच क्षणी घडल्या, तर तुम्ही पाहिले तसे काहीतरी घडते. म्हणून ‘मुद्दाम’ हा शब्द मला इथे लागू वाटत नाही. मात्र सगळी हिंसा अशीच असते असेही नाही. कोणी कानात ऐकू येणाऱ्या आवाजांच्या हुकमावरून किंवा ‘हे मला मारणार आहेत’ अशा भ्रमातून हात उचलतो, तर कोणाचा स्वभावच आजाराआधीपासून दांडगाईचा असतो. दादाचे नंतरचे रडणे आवेगाकडे बोट दाखवते, पण नेमके काय होते हे त्याच्याशी बोलून डॉक्टरांनीच ठरवायचे आहे, कारण प्रत्येक प्रकारावरचा उपाय वेगळा असतो.

आता त्या येरझाऱ्यांविषयी. अशा आजारावरच्या औषधांचा अकॅथिसिया नावाचा एक दुष्परिणाम असतो आणि डोस वाढवल्यावर तो बऱ्याचदा दिसतो. आतून इतकी तगमग होते की माणसाला बसवत नाही, झोपवत नाही आणि कोणी साधा प्रश्न विचारला तरी तो असह्य होतो. हे आजार बळावल्यासारखेच दिसते, आणि ‘तो फार अस्वस्थ असतो’ एवढेच कानावर आले तर डॉक्टर डोस आणखी वाढवण्याचा धोका असतो. याउलट येरझारा नेमक्या कधीपासून सुरू झाल्या हे त्यांना कळले, तर डोस कमी करणे, औषध बदलणे किंवा सोबत दुसरे औषध देणे असे मार्ग त्यांच्यापुढे असतात. मात्र गोळी घरच्या घरी बंद करू नका. स्वीडनमधल्या रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2014 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात अशी औषधे चालू असतानाच्या काळात हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण, तीच माणसे औषधाविना असतानाच्या काळापेक्षा 45 टक्क्यांनी कमी आढळले.

गांजा ‘जुनाच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. वीस अभ्यास एकत्र करून 2009 मध्ये केलेल्या विश्लेषणात, व्यसन नसलेल्या रुग्णांमध्ये हिंसेची शक्यता सर्वसाधारण लोकांच्या सुमारे दुप्पट आढळली, तर व्यसन असलेल्यांमध्ये ती जवळजवळ नऊपट होती. आणि तरीही बहुसंख्य रुग्ण कधीही कोणावर हात उचलत नाहीत, उलट तेच दुसऱ्यांच्या हिंसेला अधिक बळी पडतात. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवरून हे कधी कळत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

‘पुन्हा करेल का’ याचे खात्रीचे उत्तर कोणीच देऊ शकणार नाही. परंतु पूर्वी घडलेली हिंसा हा पुढचा धोका जोखण्यातला सर्वांत महत्त्वाचा दुवा असतो, आणि आईने नेमका तोच डॉक्टरांपासून लपवला आहे. मुलाला अडकवून ठेवतील, त्याच्यावर गुन्हेगाराचा शिक्का बसेल, ही तिची भीती मला समजते. पण डॉक्टर आज अर्ध्या माहितीवर औषध देत आहेत, ही गोष्ट मला त्याहून जास्त काळजीची वाटते.

डॉक्टरांना हे सगळे सांगाच, पण तोवर गोळीची आठवण दिवसातून एकदाच आणि एकाच व्यक्तीने करावी, शक्यतो तुम्ही. चेहऱ्यावरून त्याला समजेल असे गृहीत धरू नका, ‘मी रागावलेले नाही, फक्त विचारते आहे’ असे शब्दांत सांगा. तो तापला असेल तेव्हा वाद घालू नका, अंगाला हात लावू नका आणि त्याच्या व दाराच्या मध्ये उभ्या राहू नका, सरळ दुसऱ्या खोलीत जा. त्याने हातात काही उचलले किंवा मारण्याची धमकी दिली, तर आईला घेऊन घराबाहेर पडा आणि तातडीची मदत बोलवा. त्या वेळी ‘लोक काय म्हणतील’ याचा विचार करत थांबू नका.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एका कागदावर त्या सकाळची हकिगत लिहून काढा : आदल्या रात्री तो किती झोपला होता, गांजा ओढला होता का, कोण कुठे उभे होते, कोणते शब्द उच्चारले गेले, ढकलल्यानंतर तो काय म्हणाला. दादा शांत असताना त्याला आधी सांगा की तुम्ही हे डॉक्टरांना सांगणार आहात, आणि त्याला आवाज ऐकू येतात का, ते काही करायला सांगतात का, हेही सरळ विचारा. आई तयार झाली नाही तरी एकट्या जा. गोपनीयतेच्या कारणाने डॉक्टर तुम्हाला त्याच्याविषयी काही सांगणार नाहीत कदाचित, पण तुमचे म्हणणे ऐकून घ्यायला आणि तो कागद त्याच्या फाइलला लावायला त्यांना कशाचीही आडकाठी नाही.