रोपं लावण्याआधी

पोरी,

अनेक आशीर्वाद. पावसात खाडीकाठी कांदळवनाची, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांची, हजार रोपं लावायचा तुमचा बेत वाचून आनंद झाला, पण काळजीही वाटली. ती जागा मला ठाऊक आहे. ओहोटीला उघडा पडणारा तो चिखल तुला रिकामा वाटला असेल. तिथे निवट्या मासे आहेत, चिंबोऱ्यांची म्हणजे खेकड्यांची बिळं आहेत, हिवाळ्यात लांबून आलेली पाखरं तिथेच चरतात. तुझ्या वयाचा असताना मीही अशाच चिखलात कांदळाची, म्हणजे कांदळवनातल्याच एका झाडाची, रोपं लावली होती. दिवसाचा बराच वेळ ती पाण्याखाली असायची. खोडांना शिंपले चिकटले, शेवाळ चढलं आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत नुसत्या काटक्या उरल्या. इथे आपणहून झाड का येत नाही, एवढं साधं मी कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणून आधी पाणी बघ. तिवर हेही कांदळवनातलंच झाड. त्याच्यापाशी जाऊन खाली वाक. भोवतीच्या चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली दिसतील. झाड त्यांतून श्वास घेतं. त्यांच्यावर भराव पडला किंवा पाणी अडून तुंबलं, की झाड गुदमरतं. कुऱ्हाड लावावीच लागत नाही. आपल्या खारेपाटात, खाडीलगतच्या या खाऱ्या जमिनीत, मी मेलेली पाहिलेली बहुतेक तिवरं अशीच गेली. एका रस्त्याखालची मोरी गाळाने बुजली होती आणि आतल्या बाजूची तिवरं पिवळी पडत चालली होती. गावातल्या पोरांनी मोरी उपसली, भरती-ओहोटी पुन्हा सुरू झाली. त्या पावसात तिवराचं बी पाण्यावर तरंगत आत आलं आणि रुजलं. आम्ही तिथे एकही रोप लावलं नाही.

आता समुद्र वर चढतो आहे. मुळांत गाळ साचत राहिला तर कांदळवन त्याच्याबरोबर उंच होतं. गाळ कमी पडला तर ते हळूहळू जमिनीकडे सरकतं. पण मागे भिंत, रस्ता नाहीतर भराव असेल तर सरकणार कुठे? जागच्या जागी बुडतं. शिवाय त्या काळ्या चिखलात शेकडो वर्षांचा कार्बन दडलेला असतो, चिखल उकरला की तो हवेत जातो. म्हणून तुमची उमेद रोपांपेक्षा मागची जागा राखण्यात लागावी असं मला वाटतं. कायदा तुमच्या बाजूने आहे. कांदळवन तोडणं हा लोकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली ठरवलं आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला, भरावाला मनाई केली. भराव पडताना दिसला तर भांडत बसू नकोस. तारखेसह फोटो काढ, गट नंबर लिही आणि तहसीलदाराकडे व वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार दे. पोच घ्यायला विसरू नकोस.

आणखी एक. शेतकऱ्याला शत्रू समजू नकोस. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडते, म्हणजे तो फुटतो, खारं पाणी भातात शिरतं, पीक जातं. वेळेत बांध दुरुस्त झाला नाही तर चार-पाच वर्षांत तिथे तिवर उभं राहतं. मग ते तोडता येत नाही आणि भातही लावता येत नाही. सातबारा त्याच्या नावावर, शेत मात्र गेलेलं. हे दुःख खरं आहे. त्याच्या ओटीवर बसून ते आधी ऐक. पाणी कुठून शिरतं, कुठे अडतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात आणि त्यावर चार पैसे मिळवतात. जमलं तर एकदा त्यांना भेटून ये.

रोपांचे पैसे तूर्त तसेच ठेव. येत्या अमावास्येला भरतीच्या तासभर आधी ये. पाणी जिथवर चढेल तिथे आपण खुंट्या ठोकू आणि त्यांवर तारीख लिहू. माझ्या जुन्या खुणा बांधावरच्या दगडांवर आहेत, त्याही तुला दाखवतो. चप्पल चिखलात राहील, घट्ट बुटं घालून ये.

तुझा काका